काळ्या दगडातलं निळं फूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यावर वाघोली नावाचं गाव आहे. पुणेकरांना ते ठाऊक आहे ते तिथल्या दगडखाणींमुळे आणि खडी वाहून नेणाऱ्या ट्रकांमुळे. शहरातल्या किती घरांच्या स्लॅबमध्ये आणि किती रस्त्यांच्या पोटात वाघोलीची खडी गेली असेल, याचा हिशेब करणं अवघड आहे. पण अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टक्सन शहरात दर वर्षी हिवाळ्यात खनिजांचा आणि रत्नांचा मोठा बाजार भरतो, तिथेही वाघोलीचं नाव घेतलं जातं. तिथे मात्र ते खडीसाठी नाही, तर एका निळ्या स्फटिकासाठी. काचेच्या कपाटात मऊ प्रकाशाखाली तो स्फटिक ठेवलेला असतो आणि खाली चिठ्ठीवर लिहिलेलं असतं : वाघोली, पुणे, महाराष्ट्र, भारत.

या खनिजाचं नाव कॅव्हनसाइट. खनिजांचा नाद असलेल्या जगभरच्या माणसांना ते पाहताक्षणी ओळखता येतं. आपल्याकडे मात्र त्या खाणींपासून दहा-वीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसालाही ते सहसा ठाऊक नसतं. म्हणून आज त्याची ओळख करून घ्यायची आहे. ते दिसतं कसं, काळ्या कातळात आलं कुठून, आणि त्याचं मोल नेमकं कशात आहे, एवढ्या तीनच गोष्टी पाहू.

दिसतं कसं?

पांढऱ्या किंवा फिकट अबोली रंगाच्या चमकदार स्फटिकांचा एक थर डोळ्यांपुढे आणा. खडीसाखरेचे खडे दाटीवाटीने चिकटवावेत, तसा. त्यावर एक गडद निळा गोळा बसलेला आहे. आकाराने हरभऱ्याएवढा, मोठा असेल तर बोराएवढा. लांबून पाहिलं तर निळ्या लोकरीचा गोंडा वाटावा. पण भिंग घेऊन जवळ गेलं की कळतं, हा गोळा एकसंध नाहीच. बारीक, टोकदार असे कितीतरी स्फटिक एका मध्यातून निघून चहूबाजूंना पसरले आहेत. कदंबाचं फूल ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हा आकार वेगळा समजावून सांगायला नको. काही ठिकाणी जागा अपुरी पडलेली असते, तिथे पूर्ण गोळा न होता अर्धाच पंखा उलगडतो.

आणि रंग! मोरचुदाचा निळा रंग आपण पाहिलेला असतो. कॅव्हनसाइटचा निळा त्याच्यापेक्षा गडद, आणि कधी त्यात मोरपंखी हिरवट झाक. निसर्गात निळी खनिजं मुळात थोडी, आणि इतका भरदार निळा रंग त्याहून दुर्मीळ. त्यात तो पांढऱ्या पाटावर मांडून ठेवलेला. त्यामुळे या स्फटिकाला कापायची, पैलू पाडायची गरजच पडत नाही. खडकातून जसा निघाला तसाच तो पूर्ण असतो.

याच खाणींत कॅव्हनसाइटचं एक जुळं भावंडही सापडतं. त्याचं नाव पेंटागोनाइट. दोघांच्या अंगातली मूलद्रव्यं तीच आणि प्रमाणही तेच, पण अणूंची मांडणी वेगळी. त्याच विटा वापरून दोन गवंड्यांनी दोन तऱ्हेची घरं बांधावीत, तसा प्रकार. पेंटागोनाइटचे स्फटिक पुष्कळदा पाच एकमेकांत गुंतून वाढतात आणि आडवा छेद घेतला तर पंचकोनी चांदणीसारखे दिसतात. म्हणूनच त्याला ते नाव मिळालं. ते कॅव्हनसाइटपेक्षाही दुर्मीळ आहे.

नाव आलं ओरेगॉनहून

कॅव्हनसाइट जगापुढे प्रथम आलं ते मात्र वाघोलीतून नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉन राज्यात, ओवायही धरणाच्या परिसरात आणि गोबल या गावाजवळ, १९६०च्या दशकात ज्वालामुखीच्या खडकांत निळे बारीक कण सापडले. लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड एव्हन्स आणि जेम्स लिंडसे या तीन शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९७३ साली कॅव्हनसाइट व पेंटागोनाइट ही दोन नवी खनिजं म्हणून जाहीर केली.

नाव ठेवताना त्यांनी सरळ हिशेब केला. कॅल्शियममधलं 'कॅ', व्हॅनेडियममधलं 'व्हन', सिलिकेटमधलं 'सि', आणि शेवटी खनिजांच्या नावाला लागणारा 'आइट' हा प्रत्यय. झालं कॅव्हनसाइट. म्हणजे नावातच त्याची कुंडली आली. कॅल्शियम, व्हॅनेडियम, वाळूत असतात तेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आणि जोडीला पाणी. हे पाणी वरून लागलेला ओलावा नव्हे. स्फटिकाच्या रचनेतच पाण्याचे रेणू बसवलेले असतात.

निळा रंग येतो तो व्हॅनेडियममुळे. या धातूचं नाव १८३० साली स्वीडनमध्ये पडलं. त्याच्या क्षारांचे रंग इतके सुंदर दिसले, की उत्तर युरोपच्या पुराणकथांतल्या सौंदर्यदेवतेच्या 'वनादिस' या नावावरून त्याला व्हॅनेडियम म्हटलं गेलं. हे नाव किती सार्थ आहे, ते आपल्या पुण्यातच पाहायला मिळतं. वाघोलीत हा धातू कॅव्हनसाइटला निळं करतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाणच्या जुन्या खाणींतून अपोफिलाइट नावाचे पोपटी-हिरवे स्फटिक निघाले. त्यांचा हिरवा रंगही किंचितशा व्हॅनेडियममुळेच आलेला. धातू एकच, पण ज्या घरात राहायला गेला त्या घराप्रमाणे त्याने रंग घेतला.

वाघोलीतून कॅव्हनसाइट निघाल्याची नोंद १९७०च्या दशकातच झाली होती. पण त्याचे खरे दिवस उजाडले ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस. एका खाणीत असे काही साठे लागले, की ओरेगॉनच्या बारीक कणांची कुणाला आठवणही राहू नये. तेव्हापासून कॅव्हनसाइट म्हणजे वाघोली हे समीकरण जुळलं. आजही जगातल्या संग्रहालयांत या खनिजाचा चांगला नमुना दिसला, तर तो बहुधा वाघोलीचाच असतो.

रत्न म्हणावं का?

इथे कुणीतरी हमखास विचारतं, "हा खडा कुठल्या ग्रहाचा? कोणत्या बोटात घालायचा?" उत्तर असं, की हा खडा कुठल्याच बोटात घालता येत नाही.

आपल्या परंपरेतली नवरत्नं म्हणजे माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या. त्यांतले बहुतेक खडे कठीण असतात, झिजत नाहीत, म्हणून दागिन्यात टिकतात. कठीणपणा मोजायची एक ते दहा अशी पट्टी आहे. हिरा दहावर, माणिक आणि नीलम नऊवर, साधी गारगोटी सातवर. कॅव्हनसाइट तीन ते चारच्या मध्ये. साध्या चाकूने त्याच्यावर ओरखडा उठतो. हवेतल्या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात, त्या कणांनीसुद्धा तो खरवडला जाईल. शिवाय सुयांचा गोंडा अंगठीत बसवणार कसा?

तेव्हा रत्न या शब्दाचा अर्थ इथे थोडा बदलावा लागतो. सराफाच्या दृष्टीने रत्न म्हणजे जे खडकापासून सोडवून घेतलं, घासलं, पैलू पाडले ते. संग्राहकाच्या दृष्टीने रत्न म्हणजे जे खडकासकट आहे तसं जपलं ते. सराफ खालचा दगड फेकून देतो. संग्राहकाला तो दगड हवाच असतो, कारण सगळी हकीकत त्या दगडात असते. ती आता पाहू.

लाव्हा, बुडबुडे आणि पाणी

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचत गेले. आज झिजून उरलेला भागही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत भरते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकावर उभा आहे. रायगडाचा कडा त्याचा, अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली, आणि आपल्या उंबऱ्याबाहेरची पायरीही त्याचीच. शास्त्रज्ञ या खडकाला बसाल्ट म्हणतात, आपण काळा पत्थर म्हणतो. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. या प्रदेशाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दही 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे.

लाव्हा जमिनीखाली असतो तेव्हा त्यात वायू विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर जे होतं, तेच लाव्हा वर येताना होतं. दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात. अकराशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला हा रस पसरता पसरता निवायला लागतो. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि वर निघालेले बुडबुडे त्याच्याखाली अडकतात. ढोकळ्याचा तुकडा मोडून पाहा. जाळी पडलेली दिसते, तशीच जाळी दगडात पडते. विहिरी खणणारी माणसं या जाळीदार थराला मांजऱ्या म्हणतात. बहुतेक छिद्रं मोहरी-वाटाण्याएवढी. पण कुठे अनेक बुडबुडे एकत्र येतात, कुठे थरांच्या मध्ये फटी राहतात, आणि मग मोठ्या पोकळ्या तयार होतात. क्वचित एखादी पोकळी माणूस वाकून आत शिरेल एवढीही असते.

आता खडक तयार झाला, पण स्फटिक अजून कुठेच नाहीत. आहेत त्या फक्त रिकाम्या जागा. पुढचं काम पाण्याचं.

पावसाचं पाणी भेगांतून खाली झिरपत गेलं. खाली खडक अजून तापलेले होते, तिथे तेही तापलं. तापलेलं पाणी दगडालाही हळूहळू विरघळवतं. बसाल्टमधला कॅल्शियम, सोडियम, सिलिका असा ऐवज त्याने उचलला. बसाल्टमध्ये व्हॅनेडियमही असतो, पण अगदी थोडा. एक टन दगडात पाव ते अर्धा किलो. काही ठिकाणी पाण्याने तोही गोळा केला. असं क्षारांनी भरलेलं पाणी पोकळ्यांत येऊन थांबलं आणि सावकाश निवत गेलं. गरम पाण्यात जेवढं विरघळतं तेवढं थंड पाण्यात राहत नाही. साखरेचा दाट पाक दोरा सोडून निवत ठेवला की दोऱ्यावर खडीसाखर धरते. पोकळीच्या भिंतींवर नेमकं हेच झालं. फक्त पाक दगडाचा होता, आणि निवायला लागलेला वेळ माणसाच्या हिशेबात मावणारा नव्हता.

पोकळी कशी वाचावी?

अशी एखादी पोकळी फोडली, की तिच्या भिंतीवर थर दिसतात. ते बाहेरून आत, म्हणजे दगडाकडून मोकळ्या जागेकडे वाचायचे. जो थर दगडाला चिकटलेला तो आधीचा, जो मोकळ्या जागेत डोकावतो तो नंतरचा.

सर्वांत आधी बहुधा हिरवट, मातकट असं पातळ अस्तर असतं. त्यावर कुठे गारगोटीच्या जातीचा थर. मग पांढरे किंवा अबोली रंगाचे ह्युलँडाइट आणि स्टिल्बाइट. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दिसतात. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यानंतर अपोफिलाइट आणि कॅल्साइट आले. वाघोलीत निळे गोंडे बहुधा स्टिल्बाइटच्या अंगावर बसलेले आढळतात. याचा अर्थ उघड आहे. आधी पांढरा पाट मांडला गेला आणि निळं फूल त्यावर मागाहून उमललं. काही नमुन्यांत उलटही दिसतं. निळ्या गोंड्यावर पुन्हा पांढऱ्या स्फटिकांची साय धरलेली असते. म्हणजे त्या पोकळीत क्षारांनी भरलेलं पाणी नंतर पुन्हा येऊन गेलं.

हे सगळं लाव्हा निवाल्याबरोबर लगेच उरकलं, असं मात्र नाही. दख्खनमधल्या काही अपोफिलाइट स्फटिकांचं वय किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या साहाय्याने मोजलं गेलं आहे. ते ज्या दगडात बसले आहेत त्या दगडापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण निघाले. दगड हे घर, आणि स्फटिक हे त्यात फार उशिरा राहायला आलेले भाडेकरू. एकाच पोकळीत वेगवेगळ्या काळचे भाडेकरू शेजारी शेजारी राहिलेले असतात.

म्हणूनच संग्राहक गोंडा खडकापासून वेगळा काढू देत नाही. सुट्या निळ्या गोळ्याला काल सांगता येत नाही. पाटासकट असलेला गोळा कोण आधी आलं आणि कोण नंतर, हे स्वतःच सांगतो.

पाणी धरून ठेवणारे दगड

कॅव्हनसाइटच्या सोबतीला असलेले स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट हे झिओलाइट या मोठ्या कुटुंबातले. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड ज्योतीत धरला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. आतलं पाणी वाफ होऊन निघत होतं. त्यावरून त्याने ग्रीक शब्द जोडून झिओलाइट हे नाव ठेवलं. अर्थ, उकळणारा दगड. अपोफिलाइट हे झिओलाइटमध्ये मोडत नाही, पण पाणी त्याच्याही अंगात असतं. तापवलं की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्याचं ग्रीक नावही या पापुद्र्यांवरूनच पडलं आहे.

झिओलाइटच्या आत रेणूंच्या मापाचे बोगदे असतात. त्यांतून काही रेणू आत जातात, काही अडकतात, काही बाहेरच राहतात. चाळणीच म्हणा ना. हाच गुण ओळखून कारखान्यांत कृत्रिम झिओलाइट बनवतात आणि जड पाणी मृदू करायला, कपडे धुण्याच्या पावडरीत, पेट्रोलियम शुद्धीकरणात ते वापरतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन काँसन्ट्रेटर हा शब्द घराघरांत पोहोचला. त्या यंत्रात हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारा आणि ऑक्सिजन पुढे सोडणारा जो पदार्थ असतो, तो झिओलाइटच. आपल्या विहिरींच्या मातीत पांढरा कचरा म्हणून पडलेल्या खड्यांच्या कुळातलंच हे कृत्रिम लेकरू.

खाण उघडते आणि खाणच गिळते

दख्खनच्या स्फटिकांची कीर्ती नवी नाही. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे नेण्यासाठी कातळ फोडला गेला. हजारो मजुरांनी तिथे प्राण गमावले. त्याच कातळाच्या पोकळ्यांतून अपोफिलाइट, स्टिल्बाइटचे सुंदर स्फटिक निघाले आणि त्यांतले काही थेट लंडनच्या संग्रहालयात जाऊन पोहोचले. पुढे पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांत खाणी आणि विहिरी खणताना असेच साठे मिळत गेले. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याला २००० सालच्या सुमारास हिरव्या अपोफिलाइटचे गोल घोस मिळाले, त्यांचीही जगभर वाहवा झाली.

यात एक विचित्र गाठ आहे. हे स्फटिक हवेत म्हणून कुणी खाण काढत नाही. खाण काढतात ती खडीसाठी. सुरुंग उडतो, कातळ ढासळतो आणि पोकळी उघडी पडते. सुरुंग नसता तर ती पोकळी आणखी कोट्यवधी वर्षं अंधारातच राहिली असती. पण त्याच सुरुंगाने आतले बहुतेक स्फटिक चुरडलेले असतात. जे वाचतात, ते उचलायला कुणी नसेल, तर डबराबरोबर क्रशरच्या जबड्यात जातात. खाण त्यांना उजेडात आणते आणि खाणच गिळून टाकते. मधल्या थोड्या वेळात काय होईल, ते तिथे हजर असलेल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून.

ही नजर कुणाची? पुस्तकं लिहिणाऱ्यांची नव्हे. पहार आणि घण हातात घेतलेल्या खाणकामगाराची. दगडकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या वडार समाजातल्या आणि इतरही कष्टकऱ्यांच्या हातांनी ही फुलं वाचवली. दगडाच्या आवाजावरून आत पोकळी आहे हे ओळखायचं, निळा ठिपका दिसला की घण बाजूला ठेवून छिन्नी घ्यायची, तुकडा हलक्या हाताने सोडवायचा आणि जपून बाजूला ठेवायचा, ही विद्या कुठल्या महाविद्यालयात शिकवत नाहीत. टक्सनच्या कपाटातल्या चिठ्ठीवर गावाचं नाव येतं, पण तो तुकडा ज्याने वाचवला त्याचं नाव येत नाही. त्याच्या हाती पडलेली रक्कम आणि कपाटातली किंमत यांच्यातलं अंतरही मोठं असतं.

सरकारी कागदांत तर कॅव्हनसाइटला वेगळी जागाच नाही. खडीचा दगड हे गौण खनिज. त्याचं मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबाने होतं आणि त्यावर स्वामित्वधन आकारलं जातं. शंभर घनफूट दगडात एक बोराएवढं निळं फूल असलं काय आणि नसलं काय, पावती तीच फाटते.

चिठ्ठीचं मोल

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. एखादा नमुना संग्रहालयात ठेवण्याजोगा कशामुळे होतो? रंग, आकार, अखंडपणा हे तर आहेच. पण या साऱ्याइतकंच महत्त्व त्या खालच्या चिठ्ठीला आहे. कुठल्या गावी, कुठल्या खाणीत, किती खोलीवर, कशाच्या सोबतीने सापडला? ही माहिती असेल तर तो नमुना पुरावा ठरतो. नसेल तर तो शोभेचा खडा. पत्ता हरवलेल्या पत्रासारखी त्याची गत होते.

बाजारात याचा गैरफायदाही घेतला जातो. एका जागचा सुटा निळा गोळा दुसऱ्या जागच्या पांढऱ्या स्टिल्बाइटवर डिंक लावून चिकटवतात आणि अखंड नमुना म्हणून विकतात. भिंगातून पाहिलं, की गोळ्याच्या बुडाशी डिंकाची चकाकी दिसते. पैशांची फसवणूक तर यात आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे कोण आधी आलं आणि कोण नंतर, ही दगडाने लिहिलेली हकीकतच खोटी केली जाते.

आणि खुद्द जागाही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत गेली. खाणींच्या आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या. शहर वाढणार, त्याला घरं लागणार, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण जुनी खाण भरून तिच्यावर मजले चढले, की ती पोकळ्यांची भिंत पुन्हा कुणाला पाहता येत नाही. मग उरतात ते बाहेर पडलेले नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या. नमुने जगभर विखुरले आहेत. चिठ्ठ्या जेवढ्या नीट लिहिल्या गेल्या, तेवढीच वाघोलीची भूगर्भातली कहाणी शिल्लक राहील.

सुदैवाने आपल्याकडेही काही पाहायला मिळतं. नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं खनिज संग्रहालय २००१ पासून आहे. तिथे दख्खनचे झिओलाइट आणि त्यांचे सोबती मोठ्या संख्येने मांडले आहेत. शिर्डीला जाता-येता थोडी वाट वाकडी करून मुलांना ते जरूर दाखवावं. भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खनचे पठार अग्निजन्य खडकाचे बनलेले आहे' हे एक वाक्य असतं. त्या वाक्याच्या पोटात काय दडलं आहे, ते मुलांना तिथे एका दुपारीत कळेल.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना जमण्याजोगी आहे. गावात विहीर खणली जात असेल, रस्त्यासाठी डोंगर कापला जात असेल, तर निघालेल्या दगडांकडे एकदा वाकून पाहा. पांढरे, हिरवे, अबोली खडे चमकताना दिसतील. चालू खाणीत परवानगीशिवाय मात्र पाऊल ठेवू नका, सुरुंग आणि सुटलेला कडा ओळख पाहत नाहीत. मिळालेला तुकडा घरी आणलात तर त्याचा दगड फोडून टाकू नका. गरम पाण्यात किंवा आम्लात घालू नका, मऊ ब्रशने नुसती धूळ झाडा. आणि त्याच दिवशी एका कागदावर गावाचं नाव, जागा, खोली आणि तारीख लिहून तो कागद तुकड्यासोबत ठेवा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात अशा दहा-बारा खड्यांना जागा मिळाली, तर त्या गावाचं ते पहिलं संग्रहालय ठरेल.

वाघोलीच्या निळ्या फुलाला जगाने पत्त्यासकट ओळखलं. आपल्या तालुक्यातल्या दगडांचा पत्ता निदान आपण तरी लिहून ठेवायला हरकत नाही.